धमनी म्हणजे बोअरची नळी नव्हे

लातूरच्या एका शाळेत हृदयविकारावरचा तक्ता आम्ही पाहिला. एका बाजूला क्षार बसून अरुंद झालेली पाण्याची नळी, दुसऱ्या बाजूला कॅल्शियम साचलेली धमनी. लातूर-नांदेडकडे ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. बोअरचे दुष्फेन पाणी वापरणाऱ्या घरात पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर रोजच दिसतो. तक्ता मुलांच्या पक्का लक्षात राहतो, हे मान्य. आमची तक्रार नेमकी तीच आहे.

कारण उपमा तेवढ्यावर थांबत नाही. पातेल्यातला थर लिंबाच्या रसाने फसफसून निघतो; मग लिंबू-लसणाच्या काढ्याने हृदयातले ‘ब्लॉकेज’ का निघू नये? लिंबू प्याल्याने रक्त आंबट होत नाही, हे तक्ता सांगत नाही. नांदेडच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हाला वेगळाच प्रश्न विचारला. गरोदरपणात दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या सुनेने ‘नळ्या भरतील’ या भीतीने बंद केल्या, ते बरोबर का? मुळीच नाही. आईचा रक्तदाब धोक्याच्या पातळीवर जाऊ नये, हाही त्या गोळ्यांचा हेतू असतो.

पातेल्यात थर बसणे ही निर्जीव क्रिया आहे. धमनीत मात्र भिंतीतल्या पेशीच हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात, आणि हे रोखणारी प्रथिनेही शरीरच बनवते. त्यांपैकी मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन या प्रथिनाचे जनुक १९९७ साली उंदरांत निकामी करण्यात आले. त्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचले आणि रक्तवाहिन्या फुटून ते दोन महिन्यांत दगावले. माणसात हेच जनुक बिघडले (हा आजार अतिशय दुर्मिळ) तर कॅल्शियम मुख्यतः कूर्चेत साचते. उंदरावरून माणसाचे भाकीत करताना जपून राहावे लागते ते असे.

तक्त्याच्या तळाशी ‘आनुवंशिक कारणे’ एवढे दोनच शब्द आहेत. नसते तर बरे झाले असते! २००७ साली ९व्या गुणसूत्रावरील एका फरकाचा हृदयविकाराशी संबंध आढळला. २०११ साली युरोपीय वंशाच्या हजारो लोकांच्या सीटी तपासणीत हृदयधमन्यांतील कॅल्शियमशीही तो जुळला. गंमत अशी, की हा फरक प्रथिन बनवणाऱ्या जनुकात नाहीच. तो अशा जनुकांच्या शेजारी आहे. युरोपीयांत दर पाचांपैकी सुमारे एकाकडे त्याच्या दोन्ही प्रती असतात. एकही प्रत नसणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा झटक्याचा धोका साधारण दीडपट. ‘हृदयविकाराचे जनुक’ म्हणावे असे यात काय आहे?

शिवाय ९वे गुणसूत्र लिंग ठरवणारे नव्हे. हा फरक स्त्री-पुरुष दोघांतही सारखाच आढळतो. तरीही त्याच वयाच्या स्त्रीच्या हृदयधमन्यांत कॅल्शियम सहसा कमी असते, ते पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षे उशिरा दिसू लागते. उशिरा याचा अर्थ घरोघरी ‘बायकांना होत नाही’ असा लावला जातो, आणि छातीतली कळ पित्त म्हणून अंगावर काढली जाते. तक्त्यातली छातीही पुरुषाचीच आहे.

तक्ता उतरवायची गरज नाही. मुलांनीच नळीवर फुली मारून शेजारी जिवंत पेशींची भिंत काढावी, आणि खाली एक चित्र बाईचे काढावे.