‘सिग्निफिकंट डिफरन्स’ म्हणजे मोठा फरक नव्हे

वैद्यकशास्त्र घ्या, शेती घ्या किंवा मानसशास्त्र. शोधनिबंधात ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ हे दोन शब्द भेटतातच. बातमीत त्यांचं ‘लक्षणीय फरक’ होतं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. लक्षणीय म्हटलं की तुम्ही-आम्ही ‘बराच मोठा’ असं समजतो. संख्याशास्त्रातला अर्थ वेगळा आहे.

समजा, दोन औषधांत मुळात काही फरकच नाही. तरी रुग्णांचे दोन गट केले की योगायोगाने थोडाफार फरक दिसणारच. आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसेल, हे सांगणारा आकडा म्हणजे पी-व्हॅल्यू. तो ०.०५ पेक्षा, म्हणजे विसात एकपेक्षा, कमी आला की फरकाला ‘सिग्निफिकंट’ म्हणायची रीत आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली होती. तो काही निसर्गनियम नव्हे.

आता एक खरं उदाहरण बघा. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ५६९ रुग्णांवरची एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला जेमसिटाबिन, दुसऱ्याला त्यासोबत एर्लोटिनिब. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण ५.९१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, दुसऱ्यातले निम्मे ६.२४ महिन्यांपेक्षा. पी-व्हॅल्यू ०.०३८. म्हणजे रीतीप्रमाणे फरक सिग्निफिकंट. पण दिवसांत मोजला तर साधारण दहा दिवस! वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १७ वरून २३ टक्के झालं, हेही सांगायलाच हवं. पण ‘आयुष्यात लक्षणीय वाढ’ एवढंच वाचून दागिने मोडायला निघालेल्या घराला हे आकडे आधी कळायला नकोत का?

याच्या उलट चूकही तितकीच सर्रास होते. ‘नो सिग्निफिकंट डिफरन्स’चं भाषांतर ‘फरक नाही’ असं केलं जातं. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये तीन संशोधकांनी यावर लेख लिहिला आणि आठशेहून अधिक जणांनी त्याला सह्या देऊन पाठिंबा दिला. त्यांनी दाखवलेल्या ७९१ शोधनिबंधांपैकी जवळपास निम्म्यांत हाच घोळ होता. लेखातलं एक उदाहरण तर मासलेवाईक आहे. काही वेदनाशामक औषधांमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो का, यावरच्या दोन अभ्यासांत धोका सारखाच, २० टक्के जास्त, दिसला. एकात तो सिग्निफिकंट ठरला, दुसऱ्यात नाही. लगेच दुसऱ्याचे निष्कर्ष पहिल्याच्या विरुद्ध आहेत असं म्हटलं गेलं. आकडा तोच, निकाल उलटा!

‘सिग्निफिकंट’ ही संकल्पनाच निवृत्त करा, अशी त्या लेखाची मागणी होती. मला ते अर्धवट पटतं. नुसता शब्द बदलून भागणार नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ‘सार्थक फरक’ घ्या. तो ‘लक्षणीय’पेक्षा बरा, पण ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणणाऱ्या भाषेत तोही मोलाचाच वाटणार.

मग लिहायचं काय? आधी आकडा लिहा: किती महिने, किती किलो, किती टक्के. मग तो आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो, ती कक्षा द्या. फरक मोठा असेल तर ‘मोठा’ म्हणा, रुग्णाच्या उपयोगाचा असेल तर ‘उपयोगाचा’ म्हणा आणि असं का म्हणता तेही सांगा. पी-व्हॅल्यू मर्यादेबाहेर गेली तर ‘फरक नाही’ असं न लिहिता ‘एवढ्या माहितीवरून ठरवता येत नाही’ असं लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या.

आणि वाचक म्हणून तुम्ही? ‘लक्षणीय’ दिसलं की एकच प्रश्न विचारा: म्हणजे नेमका किती? उत्तर बातमीत सापडलं नाही, तर त्या शब्दावर विसंबून औषध बदलू नका आणि बियाणंही.