न सुरू होणाऱ्या यंत्राची भाषा

लिनक्स ही संगणकप्रणाली मराठी रूपात आणण्याचे बरेचसे कार्य पुणे शहरात झाले, ही गोष्ट या शहराच्या विद्याविषयक इतिहासात नोंदली जावी अशा योग्यतेची आहे. रेड हॅट या कंपनीच्या पुणे येथील कार्यालयातील भाषांतरकारांनी ग्नोम व फेडोरा यांतील आज्ञा, सूचना आणि याद्या मराठीत आणल्या. लोहित हे मुक्त परवान्याचे टंक याच कंपनीने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच संज्ञेला दहा प्रतिशब्द होऊ नयेत म्हणून वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी जाणकारांच्या बैठकीत निश्चित करण्याचा फ्युएल हा उपक्रमही येथील मंडळींनीच वाढविला. या सर्व कार्याचे मोल मान्य करूनही एक प्रश्न विचारावाच लागतो. वाचकाला स्वभाषेची गरज सर्वांत अधिक कोणत्या क्षणी भासते, आणि त्या क्षणी ही मराठी कोठे असते?

हा क्षण पुष्कळांच्या वाट्याला येतो. रात्री यंत्राने नवे कर्नेल उतरवून घेतलेले असते. कर्नेल म्हणजे यंत्राचे अवयव आणि त्यांवर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये उभा असलेला प्रणालीचा गाभा. सकाळी यंत्र सुरू करावे तो नेहमीचा मराठी पडदा येतच नाही. काळ्या पृष्ठभूमीवर पांढऱ्या रोमन अक्षरांचे वीसपंचवीस चरण येऊन स्थिरावतात आणि त्यांच्या अखेरीस एक वाक्य असते : ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. ‘फाइल’, ‘संपादन’, ‘दृश्य’ हे शब्द ज्याला मराठीत मिळाले होते, त्याला येथे मराठीचे एक अक्षरही मिळत नाही. वस्तुतः ‘फाइल’ मराठीत नसती तरी त्याचे अडले नसते.

हे वाक्य एक संहिता म्हणून वाचून पाहण्यासारखे आहे, कारण शब्दशः भाषांतर येथे किती दिशाभूल करील हे त्यावरून चांगले कळते. ‘नॉट सिंकिंग’ याचे ‘समक्रमण होत नाही’ असे भाषांतर केल्यास वाचक तोच दोष समजेल. प्रत्यक्षात तो दोष नव्हे, तो निर्णय आहे. आपली स्मृती आता विश्वासार्ह राहिलेली नाही हे ओळखून कर्नेल सांगते की, स्मृतीत साठलेले काहीही आता डिस्कवर लिहिले जाणार नाही. म्हणजे ज्या शब्दांनी वाचक सर्वांत अधिक घाबरतो, त्यांतच त्याच्या संचिताच्या रक्षणाची ग्वाही आहे. ‘अननोन-ब्लॉक’ याचे ‘अज्ञात विभाग’ असे करणे त्याहून वाईट. कंसातील दोन शून्ये ही उपकरणाच्या वर्गाचा व क्रमाचा आकडा होत. दोन्ही शून्य याचा अर्थ इतकाच की, मूळ फाइलव्यवस्था जिच्यावर आहे ती डिस्क कर्नेलला दिसलीच नाही. डिस्क नष्ट झाली असे हे वाक्य कोठेही म्हणत नाही.

मग ती दिसत का नाही? डिस्क वाचण्यासाठी जे ड्रायव्हर लागतात ते बहुधा त्या डिस्कवरच ठेवलेले असतात. खोलीची किल्ली कुलपाच्या आत राहावी तसा हा प्रकार होय. या पेचावर तोड म्हणून अत्यावश्यक ड्रायव्हरांचे एक लहानसे गाठोडे कर्नेलच्या शेजारी ठेवलेले असते व प्रारंभी तेच स्मृतीत उलगडले जाते. यास इनिट्रॅमएफएस म्हणतात. प्रत्येक नव्या कर्नेलबरोबर हे गाठोडे नव्याने बांधावे लागते. अनेक यंत्रांत ही सामग्री ‘बूट’ नावाच्या स्वतंत्र विभागात असते, आणि तो विभाग पुष्कळदा काही शे मेगाबाइटांचाच असतो. जुनी कर्नेले साचत जातात, जागा संपते, नवे गाठोडे अर्धवट बांधले जाते किंवा बांधलेच जात नाही. कर्नेल येते पण किल्ली येत नाही. या संपूर्ण संकटाचे कारण पुष्कळदा इतके क्षुल्लक असते. (मराठीत ‘बूट’ हा शब्द पायांत घालावयाच्या वस्तूचा वाचक आहे आणि ‘कर्नल’ हा लष्करी अधिकाऱ्याचा. पुण्यासारख्या छावणीच्या शहरात तरी ‘कर्नेल’ असेच लिहावे हे बरे.)

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट आहे. पडदा पूर्ण काळा राहतो, अक्षरही उमटत नाही आणि यंत्र मेले असे वाटते; परंतु ते चालू असते, फक्त त्याला आपले म्हणणे दाखविता येत नसते. चित्रदर्शक कार्डाचा, विशेषतः एनव्हिडियाच्या कार्डाचा, कर्नेलबाहेरून आलेला ड्रायव्हर नव्या कर्नेलसाठी पुन्हा घडविला गेला नाही, अथवा घडविला गेला पण त्यावर स्वाक्षरी नसल्याने सिक्युअर बूटच्या नियमाने नाकारला गेला, की असे घडते. येथे मौन हेच लक्षण असते, आणि मौनाचे भाषांतर कोणत्याही भाषांतरकाराला करता येत नाही.

या अज्ञानाची किंमत कोणती? ‘फॉरमॅट मारून टाका, पुन्हा टाकून देतो’ हा सल्ला मराठी माणसाला सर्वत्र सहज मिळतो. तो देणारा दुष्ट नसतो. त्याच्यापाशी वेळ थोडा असतो आणि त्या पांढऱ्या ओळी त्यालाही वाचता येत नाहीत. परंतु या सल्ल्याने ज्या डिस्कला काहीही झालेले नव्हते ती पुसली जाते. ज्याचा चार वर्षांचा प्रबंध तिच्यावर होता आणि ज्याने दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्याचे नुकसान कर्नेलने केलेले नसते. ते एक वाक्य न वाचता आल्याने झालेले असते.

विशेष म्हणजे लिनक्सच्या रचनेतच या संकटावरचा उतारा ठेवलेला आहे. नवे कर्नेल जुन्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसते. फेडोरा सामान्यतः तीन कर्नेले राखून ठेवते. उबुंटू व डेबियन निदान आधीचे एक ठेवतात. यंत्र सुरू होताना एस्केप अथवा शिफ्ट ही कळ दाबली असता ग्रब या प्रारंभक कार्यक्रमाची यादी दिसते, तीत जुने कर्नेल निवडता येते आणि बहुतेक वेळा यंत्र जणू काही घडलेच नाही असे उभे राहते. त्यानंतर बूट विभागातील जागा पाहणे, निरुपयोगी कर्नेले काढणे व गाठोडे पुन्हा बांधणे ही कामे सावकाशीने करता येतात. पुणेकर विद्वानांना हे तत्त्व समजावून सांगण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली ती एक पोथी मिळताच दुसरी रद्दीत टाकून नव्हे. मात्र अलीकडे ग्रबची ही यादी सौंदर्याच्या कल्पनेपायी डोळ्यांआड ठेवण्याची प्रथा पडली आहे. उतारा घरात ठेवावा आणि कपाटावरची चिठ्ठी काढून टाकावी, असा हा व्यवहार आहे. तो समर्थनीय वाटत नाही.

आता मराठी येथवर का पोचत नाही याचा विचार केला पाहिजे. पहिले कारण धोरणाचे आहे. कर्नेलच्या अंतर्भागातील संदेशांचे भाषांतर केले जात नाही. ते जगभर एकाच रूपात राहतात. दुसरे कारण लिपीचे. लिनक्सचा प्राथमिक पडदा एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती जाणतो आणि प्रत्येकीला ठरावीक चौकटीत बसवितो. व्यंजनामागून उच्चारली जाणारी पण त्याआधी लिहिली जाणारी ऱ्हस्व इकाराची वेलांटी, जोडाक्षरे, रफार, यांतील काहीही त्याला साधत नाही. पुण्याच्या दृष्टीने ही स्थिती खेदाची आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे संशोधन तिच्याकडे आले. त्या जिस्ट कार्डाने डॉसच्या साध्या अक्षरपडद्यावर देवनागरी उमटविली होती, तीही मूळ कार्यक्रमांत फेरफार न करता. आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ साली भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाणही निश्चित झाले. म्हणजे जे या शहरात एका जोडकार्डाने साधले होते, ते पुढील कित्येक दशकांत कर्नेलच्या पडद्याला साधलेले नाही. २०२४ मध्ये कर्नेलच्या ६.१० या आवृत्तीत अपघातसमयीच्या संदेशासाठी चित्ररूप पडदा आला आणि ६.१२ मध्ये त्यावर क्यूआर संकेत दाखविण्याची सोय झाली. दूरध्वनीने तो टिपला की संदेशाचा तपशील हाती येतो. सोय उत्तम आहे. पण हाती येते ते तेच इंग्रजी.

यावर कोणी म्हणेल की, मग कर्नेलचे संदेशच मराठीत आणावेत. ही मागणी मान्य करता येत नाही. दोषाचा शोध घेणारा मनुष्य संदेशाचे नेमके शब्द घेऊनच इतरांपाशी जातो; ते शब्द भाषेगणिक बदलले तर पुण्यातील वाचक जगाच्या अनुभवापासून तुटेल. येथे भाषांतर नको, टीका हवी. मूळ सूत्र जसेच्या तसे ठेवून त्याखाली मराठी विवरण द्यावयाचे, ही रीत आपल्याकडे नवी नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांच्या परंपरेत प्रत्येक संदेशाला क्रमांक असे व त्याचा अर्थ वेगळ्या ग्रंथात सांगितलेला असे. त्याचेही तत्त्व हेच. वर दिलेल्या वाक्याखाली इतके जरी छापलेले असले की, ‘डिस्क पुसू नये, यंत्र पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीतून आधीचे कर्नेल निवडावे, नंतर बूट विभागातील जागा पाहावी’, तर पुष्कळ प्रबंध वाचतील. फ्युएलच्या मूळ यादीत शब्द होते, आणि तेही दैनंदिन वापराच्या पडद्यावरचे. पुण्यात लिनक्सप्रेमींचा मेळा आहे, ‘ग्नुनिफाय’सारखी संमेलने सिंबायोसिसमध्ये भरली, फेडोराची परिषद २०११ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली, अशा ठिकाणी दुरुस्तीचे ज्ञान तोंडी पुष्कळ वाटले जाते. ते मराठीत लिहून ठेवण्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अशी टीका एकदा लिहून भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. जुने कर्नेल निवडावे हा उपदेश ग्रबपर्यंत पोचता आले तरच उपयोगी. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ नावाच्या उणिवेवरील दुरुस्ती घेताच रेड हॅट व सेंटओएस यांची अनेक यंत्रे ग्रबच्याही आधी, शिम या पहिल्या पायरीवरच अडली. तेथे बाहेरील यूएसबी माध्यमावरून यंत्र उघडून शिमची जुनी आवृत्ती परत बसवावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर विंडोज व लिनक्स शेजारी नांदणाऱ्या यंत्रांवर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असे शब्द उमटले. काहीतरी फार बिघडले आहे, एवढे सांगून थांबणारा संदेश इंग्रजी जाणणाऱ्यालाही निरुपयोगीच. एसबॅट या तपासणीत जुना शिम नाकारला गेला, हे त्यापुढच्या तांत्रिक शब्दांतून ज्याने त्याने काढावयाचे.

ही टीका कागदावर छापलेली असावी, कारण ती वाचावयाच्या वेळी यंत्र बंद असणार. तीत आज्ञा रोमन लिपीतच द्याव्या लागतील. संकटसमयीचा पडदा अन्य लिपी स्वीकारीत नाही. आणि ज्यांनी डिस्क सांकेतिक करून तिला परवलीचा शब्द दिला आहे त्यांच्यासाठी एक ओळ ठळक असावी : तो शब्द देवनागरीत ठेवू नये. यंत्र तो विचारते तेव्हा इन्स्क्रिप्टचा कळफलक अद्याप जागा झालेला नसतो.