विद्यार्थीनिर्मित संगीत-चित्रफीत आणि तिचे आवरण : मूल्यमापनाच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :
माध्यमविषयक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष निर्मिती करावी, हे तत्त्व आता सर्वमान्य झाले आहे. तथापि निर्मिती झाल्यानंतर तिचे मूल्य कोणत्या निकषांवर ठरवावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. या दृष्टीने इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ मध्ये सुरू केलेला ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रम उद्‌बोधक ठरतो. सोळा ते अठरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या गीताची चित्रफीत, त्या ऑल्बमचे आवरण आणि नियतकालिकासाठी त्याची जाहिरात असा त्रिविध संच तयार करणे, हा त्यातील एक प्रचलित पर्याय होता. अशा संचाच्या मूल्यमापनामागील भूमिकेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रकल्पाचे स्वरूप :
एकूण १०० गुणांपैकी २० गुण संशोधन व नियोजनास, ६० निर्मितीस आणि २० आत्ममूल्यमापनास होते. निर्मितीच्या ६० गुणांत चित्रफितीचा वाटा ४० आणि दोन पूरक कृतींचा प्रत्येकी १० असे. आत्ममूल्यमापनासाठी चार प्रश्न नेमून दिलेले होते. प्रस्थापित संकेतांचा वापर, विकास अथवा प्रतिकार कसा केला? मुख्य व पूरक कृतींचा मेळ कितपत परिणामकारक झाला? प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकता आले? आणि तंत्रसाधनांचा उपयोग कसा केला? निर्मात्यालाच समीक्षकाच्या भूमिकेत उभे करणारी ही योजना शैक्षणिकदृष्ट्या निश्चितच मोलाची आहे.

संकेतांचे ओझे :
पहिल्या प्रश्नात वापर, विकास आणि प्रतिकार अशी तीन क्रियापदे आहेत. त्यांपैकी पहिले सर्वांत सोपे, म्हणून सर्वांत धोक्याचे. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात संगीत-चित्रफितीची जी मीमांसा केली, तिच्यातून वर्गासाठी काही वैशिष्ट्ये काढली जातात : शब्द व दृश्य यांचे नाते, संगीत व दृश्य यांचे नाते, गायकाच्या निकटदृश्यांचा आग्रह, पाहण्याच्या क्रियेचे चित्रण, अन्य कृतींचे संदर्भ इत्यादी. ही वैशिष्ट्ये मुळात व्यावसायिक चित्रफितींच्या निरीक्षणातून आलेली आहेत. १९८१ मध्ये एमटीव्ही वाहिनी सुरू झाल्यानंतर चित्रफीत हे ध्वनिमुद्रिका विकण्याचे प्रमुख साधन बनले. गायकाचा चेहरा वारंवार दाखविणे ही त्या बाजारपेठेची गरज होती. निरीक्षणातून आलेले वर्णन जेव्हा गुणदानाचा तक्ता बनते, तेव्हा वर्णनाचे रूपांतर आज्ञेत होते. मग विद्यार्थी गीताकडे पाहण्याऐवजी तक्त्याकडे पाहू लागतो.

स्वतंत्र किंवा 'इंडी' संगीताच्या बाबतीत हा अंतर्विरोध अधिक तीव्र होतो, कारण बाजारपेठेच्या रूढ मागण्यांपासून अंतर राखणे हाच या परंपरेचा मूळ पिंड आहे. मिशेल गोंद्री यांनी 'उई उई' या आपल्याच बँडसाठी अल्प साधनांत चित्रफिती रचल्या. त्या पाहूनच ब्यॉर्क या गायिकेने १९९३ मधील आपल्या चित्रफितीचे दिग्दर्शन त्यांच्याकडे सोपविले. साधनांची उणीव तेथे शैलीचे कारण ठरली.

आवरणाचा धडा :
पूरक कृतींच्या बाबतीत मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडचा १९७९ मधील 'अननोन प्लेझर्स' हा ऑल्बम विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे आवरण रचणारे पीटर सॅव्हिल हे नुकतेच मँचेस्टर पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेले तरुण होते. १९६७ मध्ये शोध लागलेल्या पहिल्या स्पंदताऱ्याच्या रेडिओ-स्पंदनांचा आलेख बँडला खगोलशास्त्राच्या एका कोशात मिळाला होता. पांढऱ्या पृष्ठभूमीवरील काळ्या रेषा सॅव्हिल यांनी उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या. दर्शनी भागावर बँडचे नाव नाही, ऑल्बमचेही नाही. जाहिरातीच्या रूढ संकेतांनुसार हे आवरण सदोष ठरेल. परंतु संगीतातील थंड, दूरस्थ, एकाकी भाव त्या रेषांतून जितका प्रकट होतो, तितका चार कलावंतांच्या छायाचित्रातून खचितच झाला नसता.

येथे दुसऱ्या प्रश्नातील 'मेळ' या संकल्पनेचा खरा अर्थ उलगडतो. चित्रफितीतील एक स्थिरचित्र उचलून आवरणावर लावणे, तीच अक्षरशैली व तोच रंग जाहिरातीत वापरणे, याने सारखेपणा साधतो. एकात्मता साधेलच असे नाही. चित्रफीत काळात उलगडते, आवरण एका दृष्टिक्षेपात भिडते. म्हणून एकाच भावाशयाला दोन्ही माध्यमांनी आपापल्या स्वभावानुसार उत्तर देणे, हीच एकात्मता होय.

हेतू आणि परिणाम :
२०१७ पासून इंग्लंडमधील ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रमाची पुनर्रचना झाली. निर्मितीकार्याचा भार ३० टक्के ठरला, गटकार्याऐवजी वैयक्तिक निर्मिती आली आणि निर्मितीनंतरच्या आत्ममूल्यमापनाची जागा निर्मितीपूर्व हेतुनिवेदनाने घेतली. वैयक्तिक निर्मितीमुळे कोणाचे श्रम किती, हा वाद मिटतो, हे मान्य करावे लागेल. मात्र हेतुनिवेदन हे संकल्पाचे वाङ्मय आहे. योजिले एक आणि प्रेक्षकाला जाणवले दुसरेच, हा कलाव्यवहारातील सर्वांत बोधप्रद अनुभव त्यात नोंदविला जाऊ शकत नाही. तिसऱ्या प्रश्नाने जे साधत होते, ते या बदलात हरवले, असे म्हणावेसे वाटते.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीनंतर महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही प्रकल्पकार्यास श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे ही चर्चा केवळ परदेशी परीक्षेपुरती राहत नाही. गुणदानाचा तक्ता आवश्यक आहे, कारण त्यावाचून परीक्षकाच्या लहरीला मोकळे रान मिळते. परंतु तक्त्यात 'संकेत पाळला काय' याऐवजी तीन प्रश्न असावेत : निवडलेला वा नाकारलेला संकेत या गीतासाठीच का? चित्रफीत जे सांगू शकत नाही, ते आवरण सांगते काय? आणि प्रेक्षकाचा अर्थ निर्मात्याच्या हेतूपासून नेमका कोठे वेगळा झाला? या प्रश्नांना सामोरी जाणारी, तांत्रिकदृष्ट्या कच्ची कृतीही गुळगुळीत अनुकरणापेक्षा श्रेष्ठ मानण्याची तयारी अध्यापकांनी दाखविली, तरच निर्मितीला अभ्यासक्रमात दिलेले स्थान सार्थ ठरेल.