प्रत्यक्ष प्रमाण आणि प्रॅक्टिकलची वही

विद्यापीठांच्या विज्ञान विभागांविषयी आज बोलायचं आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे, पण ज्ञान कशाला म्हणावं हा प्रश्न आमच्याच घरचा, म्हणून हे धाडस.

न्यायदर्शन चार प्रमाणं मानतं : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विज्ञान उभं आहे ते मुख्यतः पहिल्या दोहोंवर. आपल्या विभागांत मात्र चालतं ते शब्दप्रमाण, आणि तेही थेट प्रयोगशाळेत! दोलकाचा प्रयोग बघा. पुस्तकात गुरुत्वत्वरण 981 दिलेलं असतं. आपल्या अक्षांशावर ते 979 च्या जवळ आहे, हे कुणी विचारतही नाही. उत्तरावरून मागे येत रीडिंग 'बसवली' जातात, जर्नलवर सही होते. मुलगा एवढंच शिकतो, की डोळ्यांपेक्षा पुस्तक खरं.

बदल येत नाहीत असं नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, पेपरांची नावं बदलली. शिकवणं पुष्कळ ठिकाणी तेच राहिलं. बदल परिपत्रकातून आपोआप वर्गात उतरतो, असं आपण धरून चाललो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर तो नवा प्रयोग कशाच्या भरवशावर उभारणार? हे दुखणं खरं आहे, ते शासनानेच बरं करायचं आहे. पण विभागांनी त्याच्या आड लपू नये.

2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. हे नाव भूशास्त्रात जगभर चालतं. आपल्या चंद्रपूरचा कोळसाही गोंडवाना खडकांतलाच. ज्या भूमीने विज्ञानाला शब्द दिला, तिथल्या मुलांनी विज्ञान नुसतं पाठ करायचं?

आपण एक करू या. प्रत्येक सत्रात एक तरी प्रयोग असा ठेवू, ज्याचं उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांनी आपापल्या गावच्या हातपंपाचं पाणी आणावं, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासावं. तिथे रीडिंग बसवून चालणार नाही. त्याची किंमत कुणाचे तरी दात आणि हाडं मोजतील. चुकलेलं रीडिंग खोडू नये, का चुकलं ते लिहावं, आणि गुण त्या लिहिण्याला द्यावेत. शिक्षकांनीही अधूनमधून एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसावं.

आणि जर्नलवर सही करण्यापूर्वी एवढंच विचारावं : "बाळा, हे तू स्वतः पाहिलंस का?"