कुलगुरू न्यूमन : विद्यापीठाची संकल्पना आणि विद्यापीठाचा कारभार

प्रास्ताविक

उच्च शिक्षणाच्या हेतूची चर्चा निघाली की जॉन हेन्री न्यूमन (१८०१-१८९०) यांच्या 'द आयडिया ऑफ अ युनिव्हर्सिटी' या ग्रंथाचा उल्लेख हटकून होतो. ज्ञान हे स्वतःच साध्य आहे, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. मात्र हा ग्रंथ तत्त्वचिंतकाने एकांतात लिहिलेला नाही. डब्लिन येथील नियोजित कॅथलिक विद्यापीठाच्या प्रमुखपदी नेमलेल्या व्यक्तीने तो लिहिला आहे. त्या पदाचे नाव 'रेक्टर' होते. त्याचा आशय आपल्याकडील वसतिगृहाच्या रेक्टरशी नव्हे, तर कुलगुरुपदाशी जुळतो. प्रस्तुत लेखात हा ग्रंथ न्यूमन यांच्या प्रशासकीय अनुभवाशेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारने १८४५ मध्ये बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथे क्वीन्स कॉलेजे स्थापण्याचा कायदा केला. त्यांत धर्मशिक्षणाला अधिकृत स्थान नसल्याने आयर्लंडच्या कॅथलिक धर्मसभेने १८५० मध्ये थर्ल्स येथे त्यांना विरोध नोंदवून स्वतंत्र विद्यापीठाचा पुरस्कार केला. आर्चबिशप पॉल कलन यांनी १८५१ मध्ये न्यूमन यांना पाचारण केले. १८५२ मध्ये डब्लिनला त्यांची व्याख्याने झाली आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये सेंट स्टीफन्स ग्रीन येथे विद्यापीठ सुरू झाले. चारच वर्षांनी, १८५८ मध्ये, न्यूमन यांनी राजीनामा दिला. ग्रंथ आज ज्या स्वरूपात वाचला जातो, ते स्वरूप त्याला १८७३ मध्ये, म्हणजे या राजीनाम्यानंतर पंधरा वर्षांनी मिळाले.

ग्रंथातील मौन

ग्रंथाच्या पहिल्या भागात नऊ व्याख्याने आहेत. सर्व विद्याशाखा मिळून ज्ञानाचे एक वर्तुळ होते आणि त्यातून धर्मशास्त्र वगळले तर इतर शाखा त्याची जागा बळकावतात, हा युक्तिवाद न्यूमन यांनी सामर्थ्याने मांडला आहे. दुसऱ्या भागात, १८५५ मध्ये विज्ञान शाखेसाठी लिहिलेल्या व्याख्यानात, संशोधकाला चुकण्याचीही मोकळीक हवी असे ते सांगतात. एका धर्मसंस्थेच्या विद्यापीठातून आलेले हे प्रतिपादन त्या काळी धाडसी होते.

परंतु काय शिकवावे याचे इतके सविस्तर विवेचन करणारा हा ग्रंथ, ते कोणी ठरवावे याबाबत फारच थोडे बोलतो. विद्यापीठावर चर्चचा प्रत्यक्ष अधिकार असला पाहिजे, असे नवव्या व्याख्यानात म्हटले आहे. तो अधिकार कोणत्या मंडळामार्फत चालावा, त्याची मर्यादा कोणती, कुलगुरूचे स्वतःचे अधिकार कोणते, यांविषयी तेथे काही आढळत नाही. ज्ञानाच्या स्वायत्ततेचा पुरस्कार करणाऱ्या ग्रंथात संस्थेच्या स्वायत्ततेचा विचार अपुरा राहिला आहे, हा या ग्रंथाचा खरा दोष होय.

कारभारातील अनुभव

या दोषाचा फटका प्रथम लेखकालाच बसला. न्यूमन यांनी पुढे लिहून ठेवलेले आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेले निवेदन वाचताना हे जाणवते. पत्रांना वेळेवर उत्तरे न मिळणे, नेमणुकांवर मतभेद, हिशेबावर देखरेख ठेवण्यासाठी प्रापंचिकांची समिती नेमण्याच्या सूचनेला मिळालेला नकार, हे त्यातील कटू विषय आहेत. बहुसंख्य प्राध्यापक प्रापंचिकांतून, म्हणजे धर्मदीक्षा न घेतलेल्यांतून, निवडण्याचे न्यूमन यांचे धोरणही अनेक बिशपांना रुचले नाही.

तथापि कलन यांना केवळ अडथळा मानणे अन्यायाचे ठरेल. विद्यापीठाचा पैसा चर्चमधील वर्गण्यांतून, नुकत्याच दुष्काळातून बाहेर पडलेल्या गरीब जनतेकडून आला होता, आणि त्याचा जाब बिशपांना द्यावा लागणार होता. शिवाय न्यूमन एकाच वेळी बर्मिंगहॅम येथील ऑरेटरी या धर्मसंघाचेही प्रमुख होते. त्यांची अनुपस्थिती ही खरी अडचण होती. म्हणजे प्रश्न दोन व्यक्तींच्या स्वभावाचा नव्हता. अधिकारविभागणीचा लेखी आधार नसल्याने प्रत्येक मतभेद वैयक्तिक होत गेला.

काय टिकले?

विद्यापीठाला सरकारी सनद न मिळाल्याने त्याच्या पदव्यांना कायदेशीर मान्यता नव्हती. अपवाद १८५५ मध्ये सिसिलिया स्ट्रीटवर सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा. तेथील विद्यार्थी अन्य वैद्यकीय संस्थांची परीक्षा देऊन व्यवसाय करू शकत, म्हणून ती भरभराटीस आली आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये सामावली गेली. ज्ञान हेच साध्य मानणाऱ्या कुलगुरूची सर्वांत टिकाऊ निर्मिती एक व्यावसायिक शाळा ठरावी, यातील विरोधाभास ग्रंथाच्या अभ्यासकाने टाळू नये. पण युजीन ओ'करी यांना आयरिश इतिहास व पुरातत्त्वाचे प्राध्यापकपद देऊन न्यूमन यांनी ज्या विद्येला उत्तेजन दिले, तिचा कोणताही बाजारभाव नव्हता. ओ'करी यांची व्याख्याने १८६१ मध्ये ग्रंथरूपाने आली. येथे संकल्पना आणि कारभार यांचा मेळ बसलेला दिसतो.

समारोप

न्यूमन डब्लिनमध्ये असतानाच, १८५७ मध्ये, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. प्रारंभी त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे हेच होते. केवळ परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या अशाच विद्यापीठावर न्यूमन यांनी सहाव्या व्याख्यानात टीका केली आहे. ती टीका आपल्याला लागू पडते, म्हणून हा ग्रंथ आपल्याकडेही वाचला गेला पाहिजे. मात्र त्यातील उदात्त विधाने दीक्षान्त भाषणांपुरती उचलून भागणार नाही. धार्मिक विश्वस्त मंडळ असो, शिक्षणसंस्था असो वा शासन, पैसा पुरवणारा आणि विद्येचा कारभार पाहणारा यांच्यातील मर्यादा आधी नियमांत लिहिल्या नाहीत, तर उत्तम संकल्पना आणि प्रामाणिक कुलगुरू दोघेही असहाय ठरतात. न्यूमन यांच्या ग्रंथाने न सांगितलेली ही गोष्ट त्यांच्या कारकिर्दीने सांगितली आहे.