दार कोणी उघडायचे? : हॉरर गेमच्या व्याख्येविषयी

नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी वाचत वाढलेल्या माणसाला भयकथा ओळखण्यासाठी व्याख्या लागत नाही. पहिल्या दोन पानांतच अंगावर काटा येतो आणि प्रश्न मिटतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तो इतक्या सहज मिटत नाही. कोणत्या गेमला ‘हॉरर’ म्हणायचे? भुते असली की? रक्त सांडले की? बरीच वर्षे मीही हीच खूण पुरेशी मानत आले. ती का अपुरी पडते आणि तिच्या जागी कोणती कसोटी ठेवता येईल, हे इथे तपासायचे आहे.

आपल्या रसविचारात भयानक रसाचा स्थायीभाव भय. ते जागवणारी कारणे म्हणजे विभाव. अमेरिकी तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांनी ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या १९९० च्या ग्रंथात भयकलेच्या केंद्रस्थानी राक्षस ठेवला. तो धोकादायक हवा आणि किळसवाणाही हवा. कथेतले पात्र त्याला घाबरते आणि प्रेक्षकाच्या भयाला त्यातून दिशा मिळते. नाटक, कादंबरी, चित्रपट यांना हा विचार चांगला लागू पडतो. पण तिथे घाबरणारा खुर्चीत बसलेला असतो. तळघराचे दार पात्र उघडते. गेममध्ये ते मला उघडावे लागते, आणि मी उघडले नाही तर कथा तिथेच थांबते.

या फरकाचे महत्त्व ‘डूम’ या गेममालिकेत स्पष्ट दिसते. १९९३ च्या पहिल्या ‘डूम’मध्ये नरकातले सैतान आहेत, प्रेते आहेत, रक्ताचा तर सडा आहे. तरीही तो खेळताना मुख्यतः चढतो तो आवेश. खेळाडू वाऱ्यासारखा धावतो, बंदूक कधी पुन्हा भरावी लागत नाही. हा रस वीराचा. सैतान फक्त वेशभूषेपुरते. २००४ च्या ‘डूम ३’मध्येही सैतानच आहेत, पण एक नियम आडवा येतो. हातात एका वेळी टॉर्च धरता येतो किंवा बंदूक, दोन्ही नाही. अंधारात गुरगुर ऐकू आली की ठरवावे लागते, पाहायचे की मारायचे. पुढे २०१२ च्या सुधारित आवृत्तीत टॉर्च चिलखतावरच बसवला गेला. इतर काही बदलही झाले. पण माझ्यापुरते सांगायचे तर त्या गेमचे भय प्रामुख्याने या एका बदलाने उतरले. दालने तीच, सैतान तेच. गेला तो हातावरचा निर्बंध.

कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने (१९९६) हेच सूत्र अधिक काटकसरीने वापरले होते. जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ नावाने आलेल्या या गेममुळे ‘सर्व्हायव्हल हॉरर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात ख्रिस या पात्राला फक्त सहा वस्तू जवळ बाळगता येतात, जिलला आठ. गोळ्या मोजक्या. खेळ जिथवर आला तिथे जपून ठेवायचा, तर टाइपरायटर गाठावा लागतो आणि प्रत्येक वेळी शाईची एक रिबन खर्ची पडते. सुरक्षितता हीदेखील साठ्यातली वस्तू होते. एका खोलीतून दुसरीत जाताना पडद्यावर सावकाश उघडणारे दार दिसते. मुळात ती पुढची खोली डिस्कवरून वाचून घेण्यासाठी केलेली सोय. पण शिल्लक तीन गोळ्या असताना ते दार उघडेपर्यंतचा वेळ संपता संपत नाही.

यावरून मी अशी व्याख्या मांडते : ज्या गेमचे नियम खेळाडूला गरजेपेक्षा कमी साधने देतात आणि तरीही पुढचे पाऊल त्यालाच टाकायला लावतात, तो हॉरर गेम. भूत, रक्त, पडका वाडा हे अलंकार. ते भय वाढवतात, निर्माण करतीलच असे नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये (२००५) शस्त्रे विकणारा व्यापारीच वाटेत भेटतो, खेळाडू बलवान होत जातो. मग त्याला हॉरर म्हणायचे नाही का? सुरुवातीच्या गावात जमाव चालून येतो तेव्हा तो निःसंशय हॉरर आहे. उत्तरार्धात बराच काळ नाही. एकाच नाटकात रस बदलतो हे आपण मान्य करतो, तर गेमच्या बाबतीत अडचण का वाटावी? व्याख्या शिक्का मारण्यासाठी नसते, कुठे काय घडते ते दिसावे म्हणून असते.

ही चर्चा केवळ वर्गीकरणाची नाही. हिदेओ कोजिमा यांचा ‘पी. टी.’ हा छोटा गेम ऑगस्ट २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर मोफत आला. घरातला एकच काटकोनी बोळ पुन्हा पुन्हा पार करायचा. हाती शस्त्र नाही. चालता येते आणि निरखून पाहता येते, एवढेच. तो ज्या मोठ्या गेमची नांदी होता तो रद्द झाला आणि २०१५ मध्ये ‘पी. टी.’ दुकानातून काढून टाकण्यात आला. मला तो खेळायला मिळाला नाही. इतरांनी खेळतानाची चित्रीकरणे मी पाहिली. त्यांत आकृती दिसते, आवाज ऐकू येतो, मी दचकलेही. भय चित्रांत असते, तर ती चित्रीकरणे जपून काम भागले असते. पण त्या वळणाशी थबकून, पुढे जायचे की नाही हे ठरवणारा अंगठा माझा नव्हता. ‘पी. टी.’ मी पाहिला आहे. त्याच्या भयाविषयी मात्र मला ऐकीव माहितीच आहे.