मेटफॉर्मिनची गोष्ट : गाळलेली पाने

मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाची एक गोष्ट आरोग्यविषयक लेखांत आणि विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर वारंवार भेटते. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचे फुलझाड होते. ते लोकवैद्यकात वापरले जाई. त्यात ग्वानिडीन कुळातील गॅलेजिन हे द्रव्य सापडले. पुढे १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा मधुमेहावरील उपयोग प्रसिद्ध केला आणि आज ही गोळी जगभर घेतली जाते.

या गोष्टीतील तपशील चुकीचे नाहीत. निसर्गातील निरीक्षणातून औषधाचा माग कसा लागतो, हे ती चांगले सांगते. आक्षेप आहे तो गाळलेल्या पानांना. गोष्ट वाचून विद्यार्थी असे समजतो की गोळी त्या झाडाच्या अर्कापासून बनते. वस्तुतः गॅलेजिन विषारी होते आणि मेटफॉर्मिन हा त्याहून वेगळा रेणू आहे. तो १९२२ साली डब्लिन येथे एमिल वर्नर आणि जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत तयार केला. झाड आणि गोळी यांच्यामध्ये आख्खे रसायनशास्त्र उभे आहे, आणि नेमके तेच गोष्टीतून वगळले जाते.

हे पान लिहिणे अवघड नाही. डायमिथाइलअमीन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायअमाइड ही दोन द्रव्ये एकत्र तापवली की मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड मिळते. उद्योगात अशा द्रव्यांना परिस्थितीनुसार ‘प्रारंभिक द्रव्ये’ किंवा ‘इंटरमीडिएट’ म्हणतात. पहिल्याचा रेणुभार ८१.५, दुसऱ्याचा ८४, बेरीज १६५.५. उत्पादिताचा रेणुभारही १६५.५! एकही अणू वाया जात नाही. बारावीच्या हरित रसायनशास्त्राच्या धड्यातील ‘अॅटम इकॉनॉमी’, म्हणजे अणूंची काटकसर, येथे शंभर टक्के भरते. धड्याला याहून सोपे आणि घरातल्या औषधाच्या डब्यात सापडणारे उदाहरण कोणते?

मात्र येथे आपणच दुसऱ्या, तितक्याच गुळगुळीत गोष्टीत अडकू शकतो. शंभर टक्के हा आकडा फक्त शेवटच्या पायरीचा आहे. एक पायरी मागे जाऊ. डायमिथाइलअमीन हे मिथेनॉल व अमोनिया यांच्यापासून बनते. मिथेनॉलचे दोन रेणू (६४) आणि अमोनियाचा एक (१७), मिळून ८१. त्यातून हवे ते ४५, बाकीचे पाणी. काटकसर सुमारे ५६ टक्क्यांवर येते. शिवाय मोनो-, डाय- आणि ट्रायमिथाइलअमीन यांचे मिश्रण तयार होते. ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करावे लागते. डायसायनडायअमाइडची वाट आणखी लांबची: चुनखडी व कोक यांपासून विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड, त्यावर सुमारे हजार अंश सेल्सिअस तापमानाला नायट्रोजन, त्यातून कॅल्शियम सायनामाइड, आणि मग हे द्रव्य. विजेचा खर्च समीकरणात कुठेच लिहिलेला नसतो.

समीकरणात शुद्धताही लिहिलेली नसते. तयार औषधात न वापरले गेलेले डायसायनडायअमाइड ०.०२ टक्क्यांहून अधिक राहता कामा नये, असे युरोपीय औषधसंहिता सांगते. डायमिथाइलअमीनचा नायट्राइटशी संबंध आला तर एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य तयार होऊ शकते. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने काही कंपन्यांच्या, शरीरात सावकाश विरघळणाऱ्या मेटफॉर्मिन गोळ्या परत घ्यायला सांगितल्या, त्या याच द्रव्यामुळे. त्याची दिवसाची मर्यादा आहे ९६ नॅनोग्रॅम. रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. शेवटची पायरी शंभर टक्के काटकसरीची असली, तरी तिच्यावर एवढी राखण ठेवावी लागते.

गाळलेले शेवटचे पान भूगोलाचे आहे, आणि बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडी येथे बालाजी अमाइन्स या कंपनीचा कारखाना मिथाइलअमीन बनवतो. डायमिथाइलअमीन हायड्रोक्लोराइड हेही या कंपनीचे एक उत्पादन आहे. उत्तरेला छत्रपती संभाजीनगर येथे हरमन फिनोकेम ही कंपनी मेटफॉर्मिन बनवते. या दोन ठिकाणांना जोडणारा सोलापूर–धुळे महामार्ग बीड शहरावरून जातो. दुसरे द्रव्य, डायसायनडायअमाइड, मुख्यतः चीनमध्ये बनते. म्हणूनच २०२० साली केंद्र सरकारने औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, तेव्हा देशात बनवायच्या द्रव्यांच्या यादीत त्याचे नाव होते. समीकरणाच्या डाव्या बाजूचे एक द्रव्य शेजारच्या जिल्ह्यातले आणि दुसरे परदेशातले, हे कळले की ‘स्वयंपूर्णता’ हा शब्द निबंधातून बाहेर पडून रसायनशास्त्राच्या तासाला येऊन बसतो.

वर्गात एवढे जरूर करावे. एखादा रुग्ण दिवसाला एक ग्रॅम मेटफॉर्मिन घेतो, असे धरा. वर्षाला ३६५ ग्रॅम. त्यासाठी समीकरणाप्रमाणे सुमारे १८० ग्रॅम डायमिथाइलअमीन हायड्रोक्लोराइड आणि १८५ ग्रॅम डायसायनडायअमाइड लागेल. आता प्रत्यक्ष उतारा ८० टक्केच आला असे मानून तेच गणित पुन्हा करायला सांगा. उत्तर ४५६ ग्रॅमच्या आसपास येईल. मग विचारा : अणूंची काटकसर शंभर टक्के होती, तर हे ९१ ग्रॅम कुठे गेले? काटकसर आणि उतारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्याख्या पाठ करून जे उमगत नाही, ते या प्रश्नाने उमगते.

फुलझाडाची गोष्ट सांगू नये, असे नाही. ती सांगावी, पण तेथे थांबू नये. नाहीतर औषधे एक तर रानात उगवतात, नाहीतर कुठेतरी दूर, मोठ्या शहरात जन्मतात, असे आपल्या मुलांना वाटत राहील; आणि शाळेसमोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरवरचे नाव वाचण्याची त्यांना कधी गरजच भासणार नाही.